शासन आणि धर्म यांच्यातली भिंत: आडोसा कोणाला?

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला 'धर्मनिरपेक्षता' हा घटक होता. नोट्स ठरलेल्या होत्या. युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट राजे तीस वर्षे लढले, १६४८ साली वेस्टफेलियाचा तह झाला आणि त्यातून आधुनिक राज्यसंस्था पुढे आली. मग अमेरिकेने १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने चर्च आणि शासन यांच्यात भिंत उभी केली. मग 'भारतीय प्रतिमान'. हे तीन टप्पे क्रमाने लिहिले की गुण पक्के. मीही लिहिले आणि मलाही मिळाले. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. त्यामुळे छापील नोट्सवर शंका घेण्याची हिंमत यायला बराच वेळ गेला. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी मी सेमिनारमध्ये विचारले, "ही भिंत बांधली गेली तेव्हा अमेरिकेतले सात लाख गुलाम तिच्या कोणत्या बाजूला होते?" उत्तर मिळाले, "तो वंशाचा विषय आहे, धर्माचा नाही. आपण विषयाला धरून बोलू."

मी गप्प बसले. पण ते उत्तर डोक्यातून गेले नाही. कारण तसलेच उत्तर मी लहानपणी गावात ऐकले होते. आमच्या वस्तीतल्या पोरांना देवळाच्या पायरीवरून हाकलले, तेव्हा तक्रार घेऊन गेलेल्या माणसांना सरकारी टेबलावरून सांगण्यात आले, "हा देवाधर्माचा मामला आहे, गावात बसून मिटवा." गावात बसल्यावर गाव म्हणाले, "कायद्याचं काय ते सरकारला विचारा." फाईल कायम दुसऱ्याच टेबलावर. अमेरिकेचा इतिहास वाचताना मला पुन्हा पुन्हा तीच फाईल दिसत राहिली. आज तिच्याबद्दल लिहायचे आहे.

सुरुवात एका तहापासून करू. अठराव्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अल्जिअर्स, ट्युनिस, त्रिपोली आणि मोरोक्को ही मुस्लिम राज्ये होती. ज्या राष्ट्राशी तह नाही त्याची जहाजे धरायची, माल जप्त करायचा आणि खंडणी येईपर्यंत खलाशांना गुलाम म्हणून राबवायचे, हा त्यांच्या उत्पन्नाचा एक मार्ग होता. माल्टासारख्या ख्रिस्ती बंदरांतही मुस्लिम कैदी गुलाम म्हणून वल्ही मारत होते, हेही लक्षात ठेवू. अमेरिका ब्रिटनची वसाहत होती तोवर तिच्या जहाजांना ब्रिटिश संरक्षण होते. स्वातंत्र्याबरोबर ते गेले. १७८५ साली अल्जिअर्सने दोन अमेरिकी जहाजे धरली, १७९३ साली आणखी अकरा. शंभराहून अधिक अमेरिकी खलाशी कैदेत पडले. मायदेशी त्यांच्यासाठी हळहळ व्यक्त झाली. १७९४ साली फिलाडेल्फियाच्या रंगमंचावर सुझॅना रोसन यांचे 'स्लेव्ह्ज इन अल्जिअर्स' हे नाटक आले. शेवटी अमेरिकी सरकारने सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम आणि दरसालची भेट कबूल केली, तेव्हा १७९६ च्या उन्हाळ्यात जिवंत उरलेले कैदी सुटले.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्रिपोलीशी तह झाला. त्याचे अकरावे कलम आज जगभर सांगितले जाते. अमेरिकेचे शासन कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभे नाही, मुसलमानांच्या कायद्याशी, धर्माशी किंवा शांततेशी त्याचे वैर नाही, आणि म्हणून धर्माच्या निमित्ताने दोन्ही देशांच्या सलोख्यात खंड पडू नये, असा त्याचा आशय. हा इंग्रजी मजकूर जोएल बार्लो या अमेरिकी वकिलाच्या हातून गेला. हा माणूस स्वातंत्र्ययुद्धात सैन्याचा धर्मोपदेशक राहिलेला. ७ जून १७९७ रोजी सिनेटने तह एकमताने मंजूर केला. १० जूनला राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी सही केली. तह वर्तमानपत्रांत छापला गेला, पण त्या कलमावरून वादळ उठले नाही. पुढे १९३० साली तहाची मूळ अरबी प्रत नीट वाचली गेली, तेव्हा तिच्यात हे कलमच नसल्याचे आढळले. म्हणजे त्रिपोलीच्या पाशासाठी म्हणून लिहिलेले वाक्य प्रत्यक्षात वाचले ते अमेरिकेच्याच सिनेटने आणि नागरिकांनी.

या वाक्याची किंमत मी कमी करणार नाही. ज्या युरोपात १५५५ च्या ऑग्सबर्ग तहापासून राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म असे चालत आले होते, तिथून आलेल्या लोकांनी दोन पिढ्या नव्हे, दहा वर्षांत हे सारे कागदावर आणले. १७८७ च्या घटनेत कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट नसेल असे लिहिले, १७९१ साली अधिकृत धर्म स्थापन करायला काँग्रेसला मनाई केली, आणि १७९७ साली परराष्ट्र व्यवहारातही तेच सांगितले. आज अमेरिकेला 'ख्रिस्ती राष्ट्र' म्हणणाऱ्यांसमोर हे कलम ठेवले जाते, आणि ते ठेवलेच पाहिजे.

पण याच १७९६ सालातली दुसरी घटना आमच्या नोट्समध्ये नव्हती. तेव्हा राजधानी फिलाडेल्फिया होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर मुक्ततेचा दावा करू शकत होता. म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या घरच्या गुलामांना मुदत भरण्याआधी राज्याबाहेर पाठवत आणि परत आणत. त्या घरात ओना जज नावाच्या, विशीतल्या एक बाई होत्या. मार्था वॉशिंग्टन यांची वैयक्तिक कामे त्या करत. आपल्याला मालकिणीच्या नातीला देऊन टाकणार आहेत हे कळल्यावर मे १७९६ मध्ये, घरचे लोक जेवत असताना, त्या बाहेर पडल्या आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला पोहोचल्या.

अल्जिअर्सच्या कैद्यांना सोडवण्यासाठी खजिना उघडणाऱ्या त्याच सरकारचा अर्थमंत्री आता या एका बाईला परत पकडून आणण्याच्या पत्रव्यवहारात होता. पोर्ट्समथच्या जकात अधिकाऱ्याने त्यांना गाठले. मालक-मालकिणीच्या पश्चात मुक्त करण्याचे वचन मिळाले तर परत येईन, असे त्या म्हणाल्या. वॉशिंग्टन यांनी अशी बोलणी करायला नकार दिला. पळालेल्या गुलामाशी वाटाघाट केली तर बाकीच्यांचीही निष्ठा डळमळेल, अशी त्यांची भीती होती. म्हणजे पाशाशी वाटाघाट होऊ शकत होती, ओना जज यांच्याशी नाही.

ओना जज परतल्या नाहीत. १८४८ साली मृत्यू येईपर्यंत कायद्याच्या नजरेत त्या फरारीच राहिल्या. म्हातारपणी त्यांनी पत्रकारांना सांगितले की वॉशिंग्टनच्या घरात त्यांना ना वाचायला शिकवले गेले, ना धर्म. दोन्ही त्यांनी सुटल्यावर मिळवले. इतके दारिद्र्य सोसून पश्चात्ताप होतो का, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर नाही असेच होते.

"तेव्हा कोणाला हे दिसत नव्हते" हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. पण दिसणाऱ्यांना दिसत होते. फेब्रुवारी १७९० मध्ये क्वेकर पंथाच्या लोकांनी आणि बेंजामिन फ्रँकलिन अध्यक्ष असलेल्या पेनसिल्व्हेनियातल्या गुलामीविरोधी संस्थेने काँग्रेसकडे अर्ज दिले. जॉर्जियाचे सदस्य जेम्स जॅक्सन यांनी बायबलचा आधार घेऊन गुलामीची बाजू मांडली. मार्चमध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, फ्रँकलिन यांनी वर्तमानपत्रात एक उपहास लिहिला. त्यात अल्जिअर्सचा एक काल्पनिक दरबारी ख्रिस्ती गुलामांना का सोडू नये ते सांगतो: आमची शेते कोण कसणार, मालकांना भरपाई कोण देणार, ते इथे खऱ्या धर्माच्या छायेत आहेत, तिकडे गेले तर बिघडतील. प्रत्येक मुद्दा जॅक्सन यांच्या भाषणाला उलटा केलेला आरसा होता. ज्याने गुलाम केले त्याचा धर्म कोणताही असो, त्याची कारणे सारखीच असतात, हे ऐंशी ओलांडलेल्या फ्रँकलिनना कळले होते. त्यांनीही आयुष्याच्या आधीच्या काळात गुलाम ठेवले होते, तरी कळले. काँग्रेसने मात्र ठरवले की राज्यांतल्या गुलामांच्या मुक्ततेत हात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. फाईल दुसऱ्या टेबलावर गेली.

आता सेमिनारमधल्या त्या उत्तराकडे वळू: गुलामी हा वंशाचा विषय, धर्माचा नाही. मग तो धर्माचा विषय राहिला नाही कधीपासून? १४५२ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला मुसलमानांना आणि इतर धर्मीयांना कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली, तेव्हा गुलाम करण्याचे कारण 'तो ख्रिस्ती नाही' हेच होते. पण या कारणात एक अडचण होती. माणूस ख्रिस्ती झाला तर? व्हर्जिनियात एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने नेमके हेच कोर्टात मांडले. आई आफ्रिकी गुलाम, बाप इंग्रज, स्वतःचा बाप्तिस्मा झालेला. १६५६ साली त्यांना स्वातंत्र्य मिळाले.

मालकवर्गाने धडा घेतला. १६६२ साली कायदा आला: मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. १६६७ साली दुसरा कायदा आला: बाप्तिस्म्याने गुलामाचा दर्जा बदलत नाही. कायद्यातच म्हटले होते की आता ही शंका मिटल्यामुळे मालक अधिक निर्धास्तपणे धर्मप्रसार करू शकतील. १७२७ साली लंडनच्या बिशपने मळेवाल्यांना पत्र लिहून हीच हमी दिली. जन्मावरून ठरणारा, पिढ्यानपिढ्या चालणारा आणि धर्म बदलूनही न पुसला जाणारा दर्जा. आपल्याला याची ओळख करून देण्याची गरज नाही. अमेरिकेत 'वंश' म्हणतात ती गोष्ट अशी कायद्याने घडवली गेली, आणि धर्माचा विषय धर्माच्या टेबलावरून उचलून मालमत्तेच्या टेबलावर ठेवण्यात आला.

सहिष्णुता आणि गुलामी एकाच कागदावर नांदू शकतात, याचाही पुरावा आहे. १६६९ च्या कॅरोलायना वसाहतीच्या घटनेच्या मसुद्यात, ज्यात सहिष्णुतेचा तत्त्वज्ञ म्हणून आपण शिकतो त्या जॉन लॉकचा हात होता, कोणत्याही सात माणसांना आपले चर्च स्थापन करण्याची मुभा होती. गुलामांनाही हवे ते चर्च निवडता येत होते. आणि त्याच मसुद्यात लिहिले होते की गुलामाचा धर्म कोणताही असो, मालकाची त्याच्यावर पूर्ण सत्ता राहील. उपासनेचे स्वातंत्र्य आहे, माणूस म्हणून दर्जा नाही.

परराष्ट्र धोरणात हे आणखी उघडे पडते. १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. ज्यांनी गुलामीची साखळी स्वतः तोडली त्यांचे हे राष्ट्र. धर्माने पाहिले तर हैती ख्रिस्ती, त्रिपोली मुस्लिम. पण त्रिपोलीशी अमेरिकेने तह केला, तिथून १८०१ साली युद्ध पुकारले गेले तरी १८०५ साली पुन्हा तह केला आणि कैद्यांसाठी साठ हजार डॉलर मोजले. हैतीशी मात्र १८०६ साली व्यापारबंदी केली. फ्रान्सने १८२५ साली युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, जुन्या मळेमालकांच्या भरपाईसाठी. म्हणजे जे गुलाम होते त्यांनीच आपल्या मालकांना पैसे द्यायचे. पोपच्या दरबाराने १८६० पर्यंत हैतीशी रीतसर करार केला नाही. दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर रॉबर्ट हेन यांनी १८२६ साली स्पष्ट सांगितले की हैतीचे स्वातंत्र्य आपण कधीच मान्य करू शकत नाही. अमेरिकेने मान्यता दिली १८६२ साली, दक्षिणेचे सदस्य काँग्रेस सोडून गेल्यावर. तेव्हाही वॉशिंग्टन शहराच्या दिवाणखान्यात काळा राजदूत येईल, या कल्पनेने काही सिनेटर अस्वस्थ झाले होते. वेगळा धर्म चालत होता. गुलामांनी राज्य करणे चालत नव्हते.

मग भिंतीचे काय झाले? ती दोन्ही बाजूंनी आडोसा झाली. शासन म्हणाले, ही राज्यांची आणि मालमत्तेची बाब. चर्च म्हणाले, ही शासनाची बाब. दक्षिणेतले प्रेस्बिटेरियन धर्मशास्त्री जेम्स हेन्ली थॉर्नवेल यांनी तर सिद्धांतच मांडला की चर्च ही आध्यात्मिक संस्था आहे, गुलामीसारख्या नागरी व्यवस्थेवर निवाडा देण्याचा तिला अधिकार नाही. प्रवचनातून गुलामांना आज्ञापालन शिकवताना मात्र हा अधिकार आठवत नसे. गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक नेमावे का, या वादातून १८४५ साली सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन वेगळे झाले. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली ती १९९५ साली, दीडशे वर्षांनी.

आणि काळ्या माणसांनी स्वतःचा धर्म स्वतः चालवायला घेतला तेव्हा भिंत गायब झाली. फिलाडेल्फियात गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून ओढून उठवल्यावर रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले. १७९४ साली त्यांनी बेथेल चर्च सुरू केले आणि १८१६ साली स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे केले. उत्तरेत ते टिकले. दक्षिणेत, चार्ल्सटनमध्ये, १८२२ साली डेन्मार्क व्हेसी यांना उठावाच्या कटाबद्दल फाशी देण्यात आली आणि त्यांचे चर्च पाडण्यात आले. नॅट टर्नरच्या बंडानंतर १८३२ साली व्हर्जिनियाने काळ्या माणसाने, मग तो गुलाम असो की मुक्त, धर्मोपदेश करण्यावरच बंदी घातली. धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ साली ज्या राज्याने केला तेच हे राज्य. तो कायदा लिहिणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

गुलामी संपली ती भिंतीमुळे नाही. ती संपली युद्धाने, गुलामांच्या स्वतःच्या लढ्याने आणि १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. ही दुरुस्ती पहिल्या दुरुस्तीपेक्षा वेगळ्या जातीची आहे, असे मी म्हणणार होते, पण 'वेगळ्या प्रकारची' म्हणते. पहिली सरकारला सांगते, इथे येऊ नकोस. तेरावी सरकारला मालकाच्या अंगणात आणते आणि खासगी माणसालाही बांधते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या कामात झिजलेले लोक होते. घटनेतल्या भिंतीला त्यांनी पुस्तक अर्पण केले नाही. काय निवडायचे हे तात्यांना दीडशे वर्षांपूर्वी नेमके कळले होते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे संविधान सभेत त्यांनी बजावले की या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळे आयुष्य व्यापून आहेत, आणि ते सगळेच धर्म म्हणून राखायचे ठरवले तर सामाजिक सुधारणेला जागाच उरणार नाही. म्हणून आपल्या संविधानात कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते आणि त्याच कलमात सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्वांना खुली करण्याचा अधिकार शासनाला देते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, आणि ते सरकारपुरते नाही, शेजाऱ्यालाही लागू आहे. कलम १५ विहिरी, तलाव, दुकाने यांचे नाव घेते. 'खरी धर्मनिरपेक्षता पाश्चात्त्यांची, आपली अर्धवट' असे कोणी वर्गात सांगितले तर ही कलमे पुढे ठेवा. जी गोष्ट शिकायला अमेरिकेला १७९१ पासून १८६५ पर्यंतचा काळ आणि लाखो प्रेते लागली, ती आपल्याकडे पहिल्याच मसुद्यात लिहिली गेली. अंमलबजावणी झाली नाही, हा दोष वेगळा, आणि तो कोणाचा हे आपल्याला माहीत आहे.

आता आजचे. २००१ साली डर्बनला वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली. दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तिथे मांडावा म्हणून प्रयत्न केले. भारत सरकारची भूमिका होती की जात म्हणजे वंश नव्हे, ही आमची अंतर्गत बाब आहे. २०२३ साली सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरनी सध्याचे कायदे पुरेसे आहेत असे म्हणून ते परत पाठवले. विरोधकांचा मुख्य सूर होता की जातीवर कायदा करणे म्हणजे एका धर्माला लक्ष्य करणे. जिनिव्हा-डर्बनच्या टेबलावर जात वंशात बसत नाही, कॅलिफोर्नियाच्या टेबलावर ती धर्मात जाऊन बसते, आणि देशातल्या टेबलावर ती 'गावातच मिटवायची' गोष्ट होते. एकाच फाईलला तीन टेबले, आणि सही करणारे कोणीच नाही.

म्हणून शासन आणि धर्म किती अंतरावर आहेत एवढेच मोजून चालणार नाही. त्या अंतरात कोण उभे आहे, आणि त्याने हाक मारली तर कोणत्या बाजूचा दरवाजा उघडतो, हेही विचारावे लागेल. १७९६ साली त्रिपोलीच्या तहात शासन धर्मापासून दूर उभे राहिले, ते चांगले झाले. पण ओना जज यांच्यासाठी तेव्हा कोणताच दरवाजा उघडला नाही. त्यांनी जहाज गाठले.

तुमच्यापैकी कोणी यंदा हा घटक परीक्षेत लिहिणार असेल. तीन टप्पे जरूर लिहा, गुणांची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. पण उत्तराच्या शेवटी एक ओळ जादा लिहा, आणि त्या ओळीत त्यांचे नाव लिहा.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.